शब्दाची मेख

'तानापिहिनिपाजा' हा शब्द शब्दकोशात शोधायला जाऊ नका, तिथे मिळायचा नाही. पण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला भर झोपेतून उठवून विचारा, तो तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याचे सातही रंग ओळीने सांगून पुन्हा कूस बदलेल. 'कंचेभागुबेव' म्हटले की कंस आधी सोडवायचा आणि वजाबाकी शेवटी, एवढे डोक्यात पक्के होते. कोणत्या महिन्याचे दिवस एकतीस, हे मुठीच्या उंचवट्यांवर मोजण्याची युक्ती तर आजोबांकडून नातवाकडे कागदावाचूनच चालत येते. आणि ज्या कुणी वृत्तांचे गण एका सूत्रात गुंफले, त्याच्या बुद्धीला नमस्कारच करायला हवा. 'यमाताराजभानसलगम्' यातली लागोपाठची कोणतीही तीन अक्षरे घ्या. पहिले अक्षर गणाचे नाव सांगते आणि तिन्ही मिळून त्या गणातले लघु-गुरू दाखवतात. य-मा-ता म्हणजे लघु, गुरू, गुरू. झाला 'य' गण. न-स-ल म्हणजे तिन्ही लघु. झाला 'न' गण. सूत्राच्या पोटातच उत्तर!

थोडक्यात काय, स्मरणाच्या युक्त्या आपल्याला परक्या नाहीत. आपल्याकडे ज्ञान मुखोद्गत करण्याची परंपरा मोठी, त्यामुळे अशा युक्त्यांची पैदासही उदंड. मात्र यातल्या बहुतेक युक्त्या क्रम लक्षात ठेवायला मदत करतात. आधी काय, नंतर काय, एवढेच त्या सांगतात. ज्या मुलाला 'पारवा' हा रंगच ठाऊक नाही, त्याला 'तानापिहिनिपाजा' मधला 'पा' काय सांगणार? अनोळखी शब्द आणि त्याचा अर्थ यांची गाठ मारायची तर युक्ती निराळी लागते. तिचे महत्त्व जिथे सर्वात जास्त जाणवते, अशा एका तालुक्याची ही गोष्ट आहे.

किनवट तालुका नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, सागवानाच्या जंगलात वसलेला. पैनगंगेपलीकडे विदर्भातला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या अंगाला तेलंगणातला आदिलाबाद. बँकेच्या नोकरीत मी इथे काही वर्षे काढली. आठवडी बाजाराच्या दिवशी शाखेच्या पायरीवर उभे राहिले, की पाच-सहा भाषा कानावर पडत. गोंडांची गोंडी, कोलामांची कोलामी, तांड्यावरच्या बंजाऱ्यांची गोरमाटी, सीमेवरची तेलुगू, बाजारातली दखनी उर्दू आणि या सर्वांना जोडणारी आमची मराठी. तीही पुस्तकातली नव्हे, मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या सांध्यावरची. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख होते, तर कोलामी सांगणारे सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे या काही चार घरांत बोलल्या जाणाऱ्या बोली नव्हेत.

आता कल्पना करा. कोलामांच्या पोडावरचे सहा वर्षांचे मूल पहिलीत येऊन बसते. त्याला शब्द येत नाहीत असे नाही. झाडाची, पाखराची, मासोळीची, मोहाच्या फुलाची अशी किती तरी नावे त्याच्या जिभेवर आहेत. फक्त ती नावे पुस्तकात नाहीत. शहरातले मूल शाळेत अक्षर शिकायला जाते. हे मूल अक्षर आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शिकायला जाते. पुस्तकातल्या चित्राकडे बोट दाखवून गुरुजी विचारतात, "हे काय?" मूल उत्तर देते, आणि ते बरोबर असूनही चूक ठरते. असे दहा वेळा घडले की मूल गप्प बसायला शिकते. गप्प बसलेल्या मुलाला आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो. पुढे आश्रमशाळेच्या हजेरीपटावरून एखादे नाव गळते, त्याची सुरुवात पुष्कळदा अशा एखाद्या शब्दापाशी झालेली असते.

यावर उपाय म्हणून एक साधी युक्ती मी प्रथम पाहिली ती शाळेत नव्हे, बँकेत. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही शेळ्यांसाठी कर्जे देत असू. शेळ्या खरोखर घेतल्या की नाहीत, हे पाहायला वस्तीवर जावे लागे आणि त्यांच्या कानातले विम्याचे बिल्ले तपासावे लागत. सीमेलगतच्या एका वस्तीत कर्जदार म्हातारा एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलत होता, 'मेकलु, मेकलु'. तेलुगूत शेळीला 'मेक' म्हणतात, शेवटचा 'अ' किंचित रेंगाळत. अनेक झाल्या की 'मेकलु'. परत आल्यावर हा शब्द माझ्या लक्षात राहीना. आमच्या शाखेतला शिपाई दोन्ही भाषा बोलणारा. त्याने पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर बॉलपेनने एक चित्र काढले. जमिनीत ठोकलेली मेख, तिला बांधलेली शेळी. शेळी दावे ओढते आहे आणि मेखेला डोळे-तोंड असून ती कळवळून रडते आहे. खाली एक अक्षरही नाही. "साहेब, मेखेला मेक," एवढेच तो म्हणाला. चाळीस वर्षे होत आली, शेळीचा तेलुगू शब्द मी विसरलेलो नाही.

त्या शिपायाला ठाऊक नव्हते, पण या युक्तीवर शास्त्रशुद्ध प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल रॉ या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द शिकायला दिले, रोज चाळीस याप्रमाणे तीन दिवसांत. एका गटाला प्रत्येक रशियन शब्दासारखा कानाला वाटणारा इंग्रजी शब्द दिला आणि सांगितले, की हा ओळखीचा शब्द आणि नव्या शब्दाचा अर्थ यांचे मिळून एक चित्र मनात रंगवा. दुसऱ्या गटाने आपापल्या पद्धतीने पाठ केले. सर्व शब्दांची परीक्षा घेतली तेव्हा पहिल्या गटाला ७२ टक्के शब्दांचे अर्थ आठवले, दुसऱ्याला ४६ टक्के. शब्द तेच, वेळही तोच. फरक फक्त त्या चित्राचा.

असे का व्हावे? नवा शब्द हा मोकळ्या रानात सोडलेल्या जनावरासारखा असतो. कशाला तरी बांधून ठेवला नाही, तर तो संध्याकाळपर्यंत दिसेनासा होतो. ओळखीच्या शब्दाची मेख आधीच मनात पक्की रोवलेली असते. चित्र हे दोघांमधले दावे. आणि या सगळ्यातली मेख अशी, की हे चित्र अचाट, हास्यास्पद असले की ते पुष्कळदा लक्ष वेधून घेते. रस्त्याने रोज शंभर सायकली जातात, एकही आठवत नाही. एखाद्या सायकलीवर मागे कॅरिअरला बकरी बसवलेली दिसली, तर ती घरी जाऊन सांगावीशी वाटते. नुसत्या दोन गोष्टी शेजारी शेजारी काढून मात्र भागत नाही. त्यांनी एकमेकींशी काही तरी करायला हवे. ओढायला हवे, चावायला हवे, डोक्यावर बसायला हवे.

किनवटच्या भाषांत अशा जोड्या ठायी ठायी सापडतात. तेलुगूत डोक्याला 'तल' म्हणतात. आपल्याकडे तळ म्हणजे बुडाचा भाग. मग काढा एक गृहस्थ विहिरीच्या तळाशी डोके टेकून उलटा उभा राहिलेला! तेलुगूत नाक म्हणजे 'मुक्कु'. नाकावर मुका घेणारी आजी काढली की झाले. गोरमाटीत आईला 'याडी' म्हणतात. हातभर लांब यादी घेऊन बाजाराला निघालेली याडी काढली, तर तांड्यावरची पोरे आणि गावातली पोरे दोन्ही एकदम हसतात, कारण तशी आई दोघांच्याही घरी असते.

आणि गोंडीत दुधाला 'पाल' म्हणतात. एका वस्तीशाळेत ऐकलेला प्रसंग सांगतो. फळ्यावर 'पाल' हा शब्द होता. गोंडाच्या मुलाने तो अचूक वाचला. अर्थ विचारल्यावर त्याने आत्मविश्वासाने दूध पिण्याची खूण केली. वर्गात हशा पिकला. मुलाचा चेहरा उतरला. शिक्षक मराठीच बोलणारे, पण चतुर. त्यांनी काही न बोलता खडू उचलला आणि फळ्यावर दुधाचा लोटा काढला, लोट्याच्या काठावर पाल, पालीच्या तोंडाला पांढऱ्या साईच्या मिशा. वर्ग पुन्हा हसला, तो मुलगाही हसला. पण आता सगळे पालीला हसत होते. त्या दिवशी गोंडी मुलाला मराठी 'पाल' कळली आणि मराठी मुलांना गोंडी 'पाल'. वर्गातले हसू मुलावरून उचलून चित्रावर ठेवणे, ही कोणत्याही युक्तीपेक्षा मोठी गोष्ट होती.

माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथे आहे. भाषा शिकवण्याच्या बहुतेक रीती घरच्या शब्दाला अडगळ समजतात. 'तसे म्हणायचे नाही, असे म्हण' हा आपला ठरलेला मंत्र. ही युक्ती मात्र घरच्या शब्दावाचून चालूच शकत नाही. मेख उपटून टाकली, तर शेळी बांधणार कशाला?

ही जाणीव नवी नाही. बोहेमिया-मोराव्हियाकडचा शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने १६५८ साली न्युरेंबर्ग येथे मुलांसाठी सचित्र पुस्तक छापून घेतले. मुलांसाठीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचा तो पूर्वज मानला जातो. त्यात चित्राखाली एकीकडे लॅटिन आणि शेजारी मुलांची जर्मन, असा मजकूर होता. अक्षरओळख तर प्राण्यांच्या आवाजांवरून. कावळा ओरडतो तो पहिला स्वर! साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताला कळले होते, की परकी भाषा शिकवायची तर मुलाची भाषा शेजारी बसवावी लागते.

इतक्या दूर जायचेही कारण नाही. आजचा किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच आदिलाबादच्या डोंगरात जोडेघाट येथे १९४० साली कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखालचा गोंडांचा उठाव चिरडला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. त्यांच्या पुढाकाराने मारलावाई या गावी गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र १९४० च्या दशकात सुरू झाले. तिथल्या मुलांसाठी गोंडी भाषेतली वाचनपुस्तके तयार झाली आणि ती छापली होती देवनागरीत! पुढे राज्ये बदलली, शाळांच्या भाषा बदलल्या आणि तो प्रयोग मागे पडला. पण आपल्याच परिसरात, आपल्याच लिपीत, मुलाच्या भाषेपासून सुरुवात करणारी शाळा होती, हे विसरू नये. योगायोग असा, की ज्या १९५६ साली किनवट मराठी मुलखात आले, त्याच साली प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीविषयीचे ३५० 'अ' हे कलम घटनेत आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. कागदावर मेख कधीचीच रोवलेली आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांचे काय? माझ्या पिढीने 'ऐ ऐरणीचा' आणि 'ई ईडलिंबूचा' घोकला. ऐरण निदान लोहाराच्या भात्यापाशी पाहिलेली असे. ईडलिंबू कित्येकांनी आयुष्यभर पुस्तकातच पाहिले. अक्षर शिकवण्यासाठी अनोळखी वस्तू दाखवणे म्हणजे एका अनोळखी पाहुण्याची ओळख दुसऱ्या अनोळखी पाहुण्याकडून करून घेणे. त्या चित्रांत दुसरी उणीव हसण्याची होती. ऐरण नुसती ऐरण, एडका नुसता एडका. चौकटीत काही घडतच नसे.

ही उणीव ज्यांनी भरून काढायला सुरुवात केली, त्यात शि. द. फडणीस यांचे नाव अगत्याने घ्यायला हवे. १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या या चित्रकाराने शब्दांवाचून मराठी माणसाला हसवले. मासिकांच्या मुखपृष्ठांसाठी गाजलेल्या याच हाताने बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढली. गणितासारख्या धास्तीच्या विषयात हसू आले, ही लहान गोष्ट नव्हती. बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकांत पुढे गोव्याच्या मारिओ मिरांडांची चित्रे आली, हेही अनेकांना आठवत असेल. विनोदी चित्रकाराची रीत आणि स्मरणाची युक्ती यांच्यात नाते आहे. जिथे एकत्र येण्याचे काही कारण नाही अशा दोन गोष्टी एका चौकटीत आणायच्या आणि पाहणाऱ्याला क्षणभर थांबवायचे, हेच दोघांचे काम. तो थांबलेला क्षण म्हणजेच लक्ष, आणि लक्षावाचून आठवण कुठली?

हे सारे घरी करता येते, आणि त्यासाठी चित्रकार असण्याची गरज नाही. आज मराठी घरांतली सर्वात मोठी धडपड इंग्रजी शब्दांची आहे. 'काऊ' म्हणजे गाय, हे मराठी बाळाला पटतच नाही, कारण त्याच्या लेखी चिऊ-काऊतला काऊ म्हणजे कावळा. मग गायीच्या शिंगावर ऐटीत बसलेला कावळा काढा. 'पिलो' म्हणजे उशी. उशीवर डोके ठेवून पांघरूण ओढून झोपलेले कोंबडीचे पिलू काढा. 'वॉल' म्हणजे भिंत. भिंतीवर चढलेला वालाचा वेल. 'टेल' म्हणजे शेपूट. तेलाच्या बुधलीत शेपूट बुडवून बसलेले माकड.

फक्त चार पथ्ये पाळावीत. पहिले, चित्र मुलालाच काढू द्यावे. आपली युक्ती आपल्याला आठवते, मुलाची मुलाला. त्याची गाय म्हशीसारखी दिसली तरी बिघडत नाही. दुसरे, शब्द कशासारखा वाटतो हे मुलालाच विचारावे, आणि त्याने घरच्या बोलीतला शब्द सुचवला तर तो आनंदाने घ्यावा. तिसरे, एका बैठकीत चार-पाचच शब्द घ्यावेत. चौथे, दुसऱ्या दिवशी चित्र झाकून विचारावे, आठवड्याने पुन्हा विचारावे आणि मग तो शब्द वाक्यात वापरून घ्यावा.

हे चौथे पथ्य सर्वात महत्त्वाचे. वर सांगितलेल्या प्रयोगात सहा आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, पुन्हा परीक्षा घेतली. चित्रे रंगवणारा गट ७२ वरून ४३ टक्क्यांवर आला होता आणि दुसरा ४६ वरून २८ वर. चित्रवाले तेव्हाही पुढेच होते, पण विसरले तेही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या युक्तीने खाते उघडते, शिल्लक वाढत नाही. शिल्लक वाढते ती रोजच्या देवघेवीने, म्हणजे बोलण्याने, वाचनाने, गोष्टी ऐकण्याने. शब्द अंगवळणी पडला की चित्र आपोआप विरून जाते, आणि ते विरून जाणेच योग्य. शेळी घर ओळखू लागली की तिला दाव्याची गरज उरत नाही.

प्रत्येक शब्दाचे चित्र निघत नाही, हेही खरे. 'प्रामाणिकपणा' किंवा 'उपकार' यांना कोणत्या मेखेला बांधणार? तिथे गोष्टच हवी, माणसांचे वागणे हवे. शिवाय हसू कुणाचे, हा प्रश्न उरतोच. एखाद्याचा रंग, अंगलट, बोलण्याची ढब किंवा जात यांवर हसवणारे चित्र लक्षात राहते, हे दुर्दैवाने खरे आहे. पण त्यातून मूल शब्दाबरोबर आणखीही काही शिकते आणि ते सहसा विसरत नाही. हसायला शेळ्या, पाली, माकडे आणि रडक्या मेखा पुष्कळ आहेत.

जाता जाता आणखी एक. गोंडीत माशाला 'मीन' म्हणतात. आपल्याला हा शब्द भेटतो तो पंचांगात, राशीच्या नावात, नाही तर एखाद्या मीनाक्षीच्या नावात. संस्कृतात तो द्राविड भाषांतूनच आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे जो शब्द आपल्याला पोथीतून कळतो, तो गोंडाच्या मुलाला नदीवर, बापाच्या जाळ्यात उड्या मारताना दिसतो. असे किती शब्द त्याच्या दप्तरात असतील, याची मोजदाद आपण कधी केलेली नाही. पहिलीच्या वर्गात तो गप्प झाला, की ते शब्दही त्याच्याबरोबर गप्प होतात.

म्हणून शिक्षकांना आणि आईबापांना एवढेच सांगणे आहे. मूल आपल्याला न कळणारा शब्द बोलले, तर 'चूक' म्हणण्याआधी त्याच्या हातात खडू द्यावा आणि म्हणावे, "काढून दाखव बरं."